बंद पडलेल्या संगणकातील फाईल्सची पुनर्प्राप्ती : दुसऱ्या कार्यप्रणालीचा उपयोग

सारांश :
संगणक सुरू होत नाही म्हणजे त्यातील फाईल्स नष्ट झाल्या, असा समज प्राध्यापकवर्गात आढळतो. या समजामुळे घाईने फॉरमॅट केले जाते आणि वाचू शकणारी माहितीही गमावली जाते. पेन ड्राईव्हवरून चालणाऱ्या लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीच्या साहाय्याने अशा फाईल्स कशा मिळवाव्यात, तसेच या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : कार्यप्रणाली, लिनक्स, हार्ड डिस्क, फॉरमॅट, बॅकअप.

प्रस्तावना :
अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रबंधाची प्रकरणे, सर्वेक्षणाच्या तक्त्यांची नोंद, नॅकसाठी जमविलेली कागदपत्रे हे सर्व आज संगणकात साठविले जाते. एके दिवशी संगणक सुरू केला असता विंडोजचे चिन्ह दिसून पडदा निळा वा काळा होतो. दुरुस्तीसाठी आलेला तंत्रज्ञ "फॉरमॅट मारावा लागेल" असे सांगतो. प्रस्तुत लेखकाच्या एका सहकाऱ्यांनी या सल्ल्यास होकार दिला आणि दोन वर्षांच्या क्षेत्रीय कामाच्या नोंदी गमावल्या. त्यांची हार्ड डिस्क सुस्थितीत होती. बिघाड केवळ विंडोजमध्ये होता. नोंदींची प्रत आधी काढून घेतली असती, तर ही हानी टळली असती.

कार्यप्रणाली आणि फाईल्स यांतील भेद :
कार्यप्रणाली हा संगणक चालविणारा प्रोग्रॅमचा संच होय. विंडोज व आपल्या फाईल्स एकाच डिस्कवर असल्या तरी त्या परस्परांहून भिन्न आहेत. ग्रंथालयाच्या दाराचे कुलूप बिघडले म्हणून आतील ग्रंथ नष्ट होत नाहीत. दुसऱ्या दाराने आत जाता येते. ते दुसरे दार म्हणजे दुसरी कार्यप्रणाली.

लिनक्सचे मूळ केर्नल लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २००० मध्ये जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी 'क्नॉपिक्स' ही, हार्ड डिस्कवर काहीही न बसविता थेट सीडीवरून चालणारी लिनक्स प्रणाली उपलब्ध करून दिली. आज सीडीची जागा पेन ड्राईव्हने घेतली आहे. उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात. त्या संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत चालतात. त्यामुळे मूळ डिस्कला हात न लावता ती वाचता येते. विंडोजची एनटीएफएस ही फाईल रचना लिनक्सला वाचता येते. त्यासाठीचा 'एनटीएफएस-३जी' हा प्रोग्रॅम २००७ पासून स्थिर स्वरूपात उपलब्ध आहे आणि २०२१ पासून लिनक्सच्या केर्नलमध्येही तशी नवी सोय समाविष्ट झाली आहे.

प्रत्यक्ष कार्यपद्धती :
१) दुसऱ्या, सुस्थितीतील संगणकावर उबुंटूची आयएसओ फाईल उतरवून घ्यावी आणि 'रुफस' या प्रोग्रॅमने ती किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राईव्हवर लिहावी. त्या पेन ड्राईव्हवरील पूर्वीचे सर्व काही पुसले जाते.
२) फाईल्स साठविण्यासाठी स्वतंत्र बाह्य हार्ड डिस्क घ्यावी. ती एफएटी३२ रचनेची असल्यास ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल तीत मावत नाही, हे ध्यानात ठेवावे.
३) बिघडलेल्या संगणकास पेन ड्राईव्ह जोडून तो सुरू करावा व लगेच बूट मेनूची कळ दाबावी. ही कळ कंपनीनुसार एफ१२, एफ९, एस्केप अशी वेगवेगळी असते.
४) पडद्यावर 'ट्राय' व 'इन्स्टॉल' असे पर्याय येतात. येथे 'ट्राय' हाच पर्याय निवडावा. 'इन्स्टॉल'च्या मार्गाने पुढे गेल्यास मूळ डिस्क पुसली जाण्याचा धोका असतो.
५) फाईल्सच्या खिडकीत मूळ डिस्क उघडून 'यूजर्स' या फोल्डरमधील आपल्या नावाचे फोल्डर शोधावे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व डाउनलोड्स हे सर्व त्यातच असतात. डी, ई यांसारखे अन्य विभागही तपासावेत.
६) फाईल्स 'कॉपी' कराव्यात, 'कट' करू नयेत. मूळ डिस्कवर काहीही लिहू नये.
७) घेतलेल्या प्रतींपैकी महत्त्वाच्या फाईल्स दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. त्यानंतरच फॉरमॅटचा विचार करावा.

मराठीत लेखन करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घेणे आवश्यक आहे. युनिकोडपूर्व काळातील श्री-लिपी, कृतिदेव इत्यादी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले जुने लेख तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतात. फाईल वाचली तरी मजकूर वाचता येत नाही. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधील 'फॉन्ट्स' हे फोल्डरही सोबत घ्यावे.

अडचणी व मर्यादा :
विंडोज ८ पासून (२०१२) आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' सोयीमुळे संगणक बंद केल्यावरही विंडोजची काही अवस्था डिस्कवर जतन राहते. अशा डिस्कवर लेखन करण्यास लिनक्स नकार देते किंवा ती केवळ वाचनासाठी उघडते. प्रती काढण्यासाठी तेवढे पुरेसे असते. म्हणून सक्तीने लेखनाची मुभा मिळवू नये.

डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लागते. ती बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. किल्ली नसल्यास कोणतीही दुसरी कार्यप्रणाली उपयोगी पडत नाही.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर बिघाड यांत्रिक आहे. अशा वेळी संगणक त्वरित बंद करून तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे जाणे श्रेयस्कर. डिस्कचा काही भागच खराब असल्यास 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम उपयुक्त ठरतो. तो आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेतो आणि खराब भागावर नंतर प्रयत्न करतो. चुकून पुसलेल्या फाईल्ससाठी 'फोटोरेक' आहे. तथापि त्यात फाईल्सची मूळ नावे बहुधा मिळत नाहीत. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये 'ट्रिम' या व्यवस्थेमुळे पुसलेली फाईल परत मिळण्याची शक्यता फारच कमी असते.

सुरक्षिततेचा प्रश्न :
या पद्धतीत विंडोजचा पासवर्ड विचारला जात नाही, ही बाब गंभीरपणे घेण्यासारखी आहे. फाईल कोणास उघडू द्यावी, हा नियम विंडोज स्वतः चालू असतानाच पाळला जातो. ज्या वाटेने आपण फाईल्स वाचवितो, त्याच वाटेने अन्य कोणीही त्या नेऊ शकतो. विद्यार्थ्यांचे गुण व प्रश्नपत्रिका ज्या संगणकात आहेत, त्याची डिस्क कुलूपबंद करावी आणि किल्ली कागदावर लिहून सुरक्षित ठेवावी. तसेच दुसऱ्याच्या संगणकावर हा प्रयोग त्याच्या संमतीविना करू नये.

निष्कर्ष :
१) विंडोजचा बिघाड आणि फाईल्सचा नाश या दोन भिन्न घटना आहेत.
२) प्रथम प्रत, मग पडताळणी व शेवटी फॉरमॅट, हा क्रम कधीही बदलू नये.
३) प्रत्येक विभागात असा एक पेन ड्राईव्ह तयार असावा व तो वापरता येणारी किमान एक व्यक्ती असावी.
४) दुसरी कार्यप्रणाली हा बॅकअपचा पर्याय नव्हे. डिस्क पूर्णपणे निकामी झाल्यास, अन्यत्र ठेवलेली प्रत हाच खात्रीचा आधार उरतो.