चिठ्ठी नसलेला नमुना

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतले काचेचे कपाट आठवून पाहा. त्यात एखादा मोठा शंख, दोन-चार रंगीत दगड, बाटलीत बुडवून ठेवलेला एखादा विंचू असतो. एखाद्या चौकस मुलीने विचारले, “बाई, हा शंख कुठला?” तर “समुद्रातला” यापलीकडे आपल्याला बहुधा काही सांगता येत नाही. शंख आहे; पण तो कुठे, केव्हा आणि कोणाला सापडला हे सांगणारी चिठ्ठी त्याच्याजवळ नाही. संशोधनाला सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, की आधी चिठ्ठी लिही, मग नमुना पिशवीत टाक. चिठ्ठी हरवलेला नमुना शोभेसाठी ठेवता येतो. पुरावा म्हणून तो उपयोगी पडत नाही.

बेटांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. का, ते समजून घेण्यासाठी आपण पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांकडे वळू. प्रवाशांसाठी तिथे उभारलेली माहिती केंद्रे आणि छोटी संग्रहालये नेमका हाच धडा देतात.

बेट बदलले की प्राणी बदलतो

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० कि.मी. पश्चिमेला हा द्वीपसमूह आहे. त्यातली १३ बेटे १० चौ.कि.मी.हून मोठी आहेत. ही सर्व बेटे समुद्रतळावरच्या ज्वालामुखींतून वर आली. पृथ्वीच्या कवचाखालचा तप्त भाग जवळपास एकाच जागी असतो आणि त्यावरून भूपट्ट हळूहळू पूर्वेकडे सरकत राहते. म्हणून पूर्वेकडची बेटे जुनी, तर पश्चिमेकडची नवी. पश्चिमेच्या फर्नांदिना बेटावर २०२४ मध्येही उद्रेक झाला.

ही बेटे मुख्य भूमीला कधीच जोडलेली नव्हती. त्यामुळे तिथले मूळ जीव वाऱ्याबरोबर, पाण्यावर तरंगत, उडत किंवा पोहत आले असणार. एका बेटावर पोचलेल्या जीवांचा पुढे दुसऱ्या बेटाशी फारसा संबंध राहिला नाही. शिवाय प्रत्येक बेटाची उंची, पाऊस आणि झाडोरा वेगळा. उंच, दमट बेटांवर गवत मुबलक असते. तिथल्या महाकाय कासवांची पाठ घुमटासारखी असते. कोरड्या, सखल बेटांवर कासवाला मान उंच करून निवडुंग खावा लागतो. तिथे पाठीची पुढची कड खोगिरासारखी वर उचललेली दिसते.

डार्विनची चूक

चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजातून १८३५ च्या सप्टेंबरमध्ये इथे आला, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. सुमारे पाच आठवड्यांच्या मुक्कामात तो चार बेटांवर उतरला. तिथला कारभार पाहणारे लॉसन नावाचे अधिकारी त्याला म्हणाले, की कासव पाहून ते कोणत्या बेटावरचे आहे हे आपण सांगू शकतो. डार्विनने त्याकडे लगेच लक्ष दिले नाही. दोन बेटांवरून जमवलेले काही नमुने त्याने एकत्र मिसळलेसुद्धा. एकमेकांच्या दृष्टिपथात असलेल्या बेटांवर वेगवेगळे जीव असतील, असे त्याला वाटलेच नव्हते. ही चूक पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवली.

इंग्लंडला परतल्यावर हे पक्षी त्याने जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाकडे दिले. जानेवारी १८३७ मध्ये गूल्डने सांगितले, की वेगवेगळ्या गटांतले वाटणारे यांतले कितीतरी पक्षी म्हणजे एकमेकांच्या जवळच्या फिंच पक्ष्यांच्या निरनिराळ्या जाती आहेत. साहजिकच पुढचा प्रश्न आला, की कोणती जात कोणत्या बेटावरची? डार्विनच्या बऱ्याच फिंच पक्ष्यांवर बेटाची नोंदच नव्हती. मग जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि इतर सहप्रवासी यांनी जमवलेल्या नमुन्यांचा आधार घ्यावा लागला.

मॉकिंगबर्ड या पक्ष्यांच्या बाबतीत मात्र डार्विनने बेटाची नोंद ठेवली होती. त्यांत तीन वेगळ्या जाती आहेत आणि त्या वेगवेगळ्या बेटांवरच्या आहेत, असे गूल्डने दाखवून दिले. जाती बदलत असाव्यात या विचाराला डार्विनच्या मनात बळ मिळाले, त्यात या चिठ्ठी असलेल्या पक्ष्यांचा मोठा वाटा होता.

नमुना लंडनला, जागा इथे

गॅलापागोसचे जुने नमुने आज लंडन, सॅन फ्रान्सिस्को अशा दूरच्या शहरांतल्या संग्रहालयांत आहेत. मग बेटांवरच्या छोट्या केंद्रांत काय आहे? सान क्रिस्तोबाल बेटावर १९९८ मध्ये सुरू झालेले माहिती केंद्र पाहा. बेटांचा जन्म, सागरी प्रवाह आणि जीव यांच्याबरोबरच देवमाशांचे शिकारी, वसाहतवाले यांचा इतिहासही तिथे मांडला आहे. मांडणी पाहून झाली, की तिथूनच एक पायवाट फ्रिगेट पक्ष्यांच्या टेकडीकडे जाते. म्हणजे आत तक्त्यावर वाचलेले बाहेर चालताना प्रत्यक्ष पडताळून पाहता येते. दूरच्या मोठ्या संग्रहालयाला हे शक्य नाही.

सांता क्रूझ बेटावर चार्ल्स डार्विन संशोधन केंद्र १९६४ पासून आहे. त्याच्या शेजारीच राष्ट्रीय उद्यानाचे कासव संवर्धन केंद्र प्रवाशांना पाहता येते. वेगवेगळ्या बेटांवरच्या कासवांची पिले तिथे वेगवेगळ्या कुंपणांत वाढवतात आणि त्यांच्या पाठीवर क्रमांक घालतात. हा क्रमांक म्हणजे जिवंत प्राण्याची चिठ्ठीच होय. मोठे झालेले पिलू त्याच्या स्वतःच्या बेटावरच सोडायचे असते. एस्पान्योला बेटावर फक्त १४ कासवे उरली होती. ती आणि अमेरिकेतल्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयातून परत आणलेला एक नर, एवढ्यांच्या वंशातून सुमारे २००० कासवे बेटावर परत सोडता आली. २०२० मध्ये ही १५ मूळ कासवेसुद्धा आपल्या बेटावर पोचली.

पिंटा बेटाला हे भाग्य लाभले नाही. जहाजांवरच्या खलाशांनी तिथली कासवे अन्नासाठी पकडून नेली. मग १९५९ मध्ये मच्छीमारांनी तिथे तीन शेळ्या सोडल्या. त्यांच्या हजारो वंशजांनी उरलेला झाडोरा फस्त केला. १९७१ मध्ये तिथे एकच नर कासव आढळले. ‘एकाकी जॉर्ज’ म्हणून जगभर ओळखले गेलेले हे कासव २४ जून २०१२ रोजी मरण पावले. न्यूयॉर्कमध्ये पेंढा भरून तयार केलेला त्याचा देह २०१७ मध्ये सांता क्रूझला परत आला. तापमान आणि आर्द्रता नियंत्रित ठेवलेल्या दालनात तो आज पाहायला मिळतो.

एक गोष्ट आशेचीही आहे. फ्लोरेआना बेटावरची कासवे १९व्या शतकातच नष्ट झाली होती. परंतु इसाबेला बेटावरच्या वुल्फ ज्वालामुखीजवळ काही कासवे घुमटी पाठीऐवजी खोगिरी पाठीची दिसत. संशोधकांनी त्यांचा डीएनए फ्लोरेआनावरून पूर्वी जमवलेल्या हाडांच्या डीएनएशी ताडून पाहिला. तेव्हा यांतल्या काहींचे पूर्वज फ्लोरेआनाचे असल्याचे २००८ मध्ये स्पष्ट झाले. खलाशांनीच कधीतरी ती कासवे इथे सोडली असावीत. त्यांच्यापासून फ्लोरेआनासाठी पैदास करण्याचे काम २०१७ मध्ये सुरू झाले. जुन्या हाडांवर ‘फ्लोरेआना’ ही नोंद नसती, तर ही तुलना करायची कशाशी?

बुटाच्या तळव्यातले बी

आता प्रवाशांसाठीच्या नियमांचा अर्थ लक्षात येईल. सामानाची तपासणी होते. राष्ट्रीय उद्यानातल्या बहुतेक ठिकाणी प्रशिक्षित वाटाड्या लागतो आणि एका वाटाड्यामागे १६ पेक्षा जास्त प्रवासी नसतात. प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहायचे. शंख, दगड, वाळूसुद्धा उचलायची नाही. बुटाला चिकटलेले बी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेले, तर तिथे नवे तण उगवू शकते. बेटे हेच एक उघडे संग्रहालय आहे आणि प्रत्येक जीव योग्य चिठ्ठीखाली आहे, असे मानले, तर नकळत केलेली अशी वाहतूक म्हणजे चिठ्ठ्यांची अदलाबदल ठरते. ती पुन्हा जागच्या जागी लावता येईलच असे नाही.

आपल्या कपाटासाठी

शाळेत करण्याजोगा उपक्रम साधा आहे. कपाटातली एकेक वस्तू मुलांसमोर ठेवावी आणि तिच्याविषयी पाच प्रश्न विचारावेत. ही वस्तू काय आहे? कुठे सापडली? कोणत्या तारखेला? कोणाला? आसपास काय होते? उत्तर माहीत असेल तेवढेच लिहावे. माहीत नसेल तिथे अंदाज न लिहिता जागा कोरी सोडावी. कोऱ्या जागा पाहून काही मुले वस्तू देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचा शोध घेऊ लागतील. ज्या वस्तूंचा पत्ता लागेल, त्या परिसराच्या नकाशावर टाचणी लावून दाखवाव्यात.

यापुढे सहलीत कोणी काही दाखवायला आणले, तर ते उचलण्याआधी तिथेच थांबून वहीत या पाच ओळी लिहायची सवय मुलांना लावता येईल. बरेचदा असे होईल, की ओळी लिहून झाल्यावर वस्तू उचलायची गरजच उरणार नाही.