बोटं किती वाकली, आणि कशी

पक्षाघातानंतर हात कितपत सुधारला हे आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट गोनिओमीटरने मोजत आलो. मधल्या खिळ्यावर फिरणाऱ्या दोन पट्ट्या आणि त्यावर अंश. चार बोटांचे तीन-तीन सांधे, अंगठ्याचे निराळे. सगळे मोजून होईपर्यंत पेशंट कंटाळतो, दमलेला हात आणखी ताठरतो. शिवाय पट्टी लावायची तर बोट थांबलेलं हवं. हात कामात असताना काय करतो, ते तिला कळत नाही.

सेन्सर ग्लोव्ह नेमकं तेच टिपतो. बोटांच्या पाठीवरून लवचीक पट्ट्या गेलेल्या असतात. पट्टी वाकली की तिचा विद्युतरोध बदलतो, आणि संगणक त्यावरून क्षणाक्षणाचा कोन काढतो. ही कल्पना दवाखान्यातली नव्हे. 1977 मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी ‘सेयर ग्लोव्ह’ केला, तो कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या नादातून. त्यात बोटावर नळी होती, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा सेल. 1989 चा मॅटेलचा पॉवर ग्लोव्ह तर निन्टेंडोच्या खेळांसाठी होता.

ग्लोव्ह चढवला की आधी तो त्या हाताशी जुळवावा लागतो: पंजा टेबलावर सपाट, मग घट्ट मूठ. आता गंमत बघा, मूठ वळत नाही म्हणून तर माणूस आमच्याकडे आलेला! मग त्याची बोटं मीच हलक्या हाताने वाकवून ते दुसरं टोक ठरवते. मुळात आखडलेल्या बोटांवर ग्लोव्ह चढवणं हेच जिकिरीचं. सुबक फोटोंत दिसतात ते बहुधा धडधाकट हात असतात.

एवढी खटपट कशासाठी? 1975 पासूनच्या फ्यूगल-मायर चाचणीत बहुतेक हालचालींना 0, 1 किंवा 2 गुण मिळतात. ‘थोडं जमतं’ म्हणजे 1. महिनोन्‌महिने मेहनत करूनही माणूस त्या 1 वरच राहतो आणि खचतो. ग्लोव्हच्या आलेखात त्या 1 च्या पोटातली सुधारणा दिसते. ग्लास धरायला पंजा आता वेळेवर उघडतो का, तर्जनी इतर बोटांपासून सुटी हलते का, हालचाल अडखळत होते की सलग, हे सगळं त्यात येतं. हा आलेख मी पेशंटला दाखवते. माझ्या शाबासकीपेक्षा त्यावर त्यांचा जास्त विश्वास बसतो.

स्पर्श परत आला का, हे मात्र पट्ट्यांना कळत नाही. बोटांची टोकं कापडाखाली झाकली तर आहे ती जाणीवही बोथट होते, म्हणून मला उघड्या टोकांचा ग्लोव्ह बरा वाटतो.

1969 च्या जेब्सन चाचणीत जेवणाची नक्कल म्हणून चमच्याने राजम्याचे दाणे उचलायचे असतात. आमच्याकडे येणाऱ्या एक काकू विचारतात, “वरणभात कालवता येईल ना गं?” वरणभातात ग्लोव्ह घालता येत नाही, मी परातीत कोरडे तांदूळ घेते आणि ग्लोव्हसकट बोटं फिरवायला सांगते. बोटं कशी जवळ येतात ते आलेखात छान उमटतं. पण घास पुढे सारतो अंगठा. त्याच्या बुडाचा सांधा बऱ्याच दिशांना फिरतो, आणि साध्या वाकणाऱ्या पट्टीला तो नीट सापडत नाही. तेवढ्यापुरता मी शेजारी मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवते.