घराची किल्ली आधी

हेलसिंकीच्या आल्प्पिकातू रस्त्यावर सॅल्व्हेशन आर्मीचं एक जुनं निवारागृह होतं. दाटीवाटीनं मांडलेल्या खाटा आणि रात्रीपुरता आसरा. २०१२ पर्यंत तिथे सुमारे ८० स्वतंत्र सदनिका झाल्या. प्रत्येक रहिवाशाच्या हाती भाडेकरार आणि किल्ली आली, मदतीला त्याच इमारतीत कर्मचारी.

फिनलंडनं २००८ मध्ये 'आधी घर' हे धोरण स्वीकारलं. दारू सोडा, नोकरी मिळवा, मग घर, ही अट उलटी केली. डोक्यावर कायमचं छप्पर असेल, तरच माणूस उपचार आणि रोजगाराकडे वळू शकतो, हा त्यामागचा विचार. १९८७ मध्ये देशात १८ हजारांहून अधिक बेघर होते; २०२३ अखेर ही संख्या साडेतीन हजारांच्या आत आली.

मग कात्री लागली. २०२४ मध्ये सरकारनं घरभाडे भत्ता कमी केला, सामाजिक सेवांचा निधीही आखडला. त्याच वर्षाअखेर बेघरांची संख्या ३,८०६ झाली. एका दशकाहून अधिक काळानंतरची ही पहिली वाढ.

कपातीतली बचत फसवी आहे. घर गमावलेला माणूस रुग्णालयात, पोलीस ठाण्यात, तात्पुरत्या निवाऱ्यात पोहोचतोच. तो खर्चही सरकारी तिजोरीतूनच जातो. म्हणून हा निधी तातडीनं पूर्ववत व्हायला हवा.