मिरगाआधी एकदा गाडीखाली वाकून बघा

सावंतवाडीकरांनो, गाडीचा वरचा रंग आपण रोज पुसतो, पण गंज खालून चढतो. आणि दोष एकट्या पावसाचा नाही. शिरोडा-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गाडी नेली की मीठ पत्र्याला चिकटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. म्हणजे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच! त्यात आंबोलीचा लाल चिखल चाकांवरच्या कमानीत बसला की पावसाळाभर तिथली ओल हटत नाही.

यावर उपाय म्हणजे गाडीच्या खालच्या पत्र्याला गंजरोधक कोटिंग. ते मे महिन्यात, गाडी खडखडीत कोरडी असताना करून घ्या. आधी खालून धुणं, मग तारेच्या ब्रशने गंज खरवडणं, प्रायमर, आणि शेवटी रबरी किंवा डांबरी थर. गंजावरच थर मारला तर ओल आत कोंडते आणि पत्रा लपून कुजतो. त्यापेक्षा कोटिंग न केलेलं बरं, हे माझं ठाम मत. सायलेन्सर, ब्रेक आणि दारांखालची निचऱ्याची भोकं मात्र झाकू देऊ नका. काम चालू असताना स्वतः उभे राहा.

किनाऱ्यावरून परतलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याचा पाइप गाडीच्या खालून मारा.