पहिली सेकंडहँड गाडी घेताना: मीटर नंतर, आधी तारीख

लायसन्स हातात आलं, घरच्यांनी बजेट सांगितलं, आता गाडी कुठली? अठरा-एकोणीसच्या वयात ही चर्चा बहुतेक वेळा मॉडेल, रंग आणि म्युझिक सिस्टिमपासून सुरू होते. आज जरा उलट्या बाजूने जाऊ. आधी आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघायचं.

का? तर एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग. त्याआधी स्वस्त व्हेरियंटमध्ये या दोन्ही गोष्टी सर्रास नसायच्या. नवशिक्याचा पाय घाबरला की ब्रेकवर पूर्ण दाबला जातो. पावसात, एबीएस नसलेल्या गाडीची चाकं तिथेच लॉक होतात आणि स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. एबीएस ब्रेक क्षणाक्षणाला सोडून-पकडून चाक फिरतं ठेवतं, म्हणून गाडी वळवता येते. त्यामुळे त्याच पैशांत २०१३ ची ऐटबाज सेडान आणि २०२० ची छोटी हॅचबॅक मिळत असेल, तर मी डोळे झाकून छोटी घेईन. मित्र हसतील, हसू देत.

फक्त या गोष्टी चालू आहेत ना, ते तपासा. चावी ऑन केली की एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून काही सेकंदांत विझायला हवेत. विझले नाहीत तर बिघाड आहे. लागलेच नाहीत तर जास्त वाईट, कारण बिघाड लपवायला कुणीतरी दिवाच बंद केलेला असू शकतो.

आता मीटर. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे डिजिटल मीटरवरचा आकडा मला डेटाबेसमधल्या एखाद्या नोंदीसारखा वाटतो: ज्याच्याकडे टूल आहे, तो बदलू शकतो. पण लॉग सगळीकडचे पुसता येत नाहीत. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३२० म्हणजे २०२० चा तेविसावा आठवडा. गाडी २०२० ची, मीटर तीस हजार, आणि चारही टायर २०२४ चे? तीस हजारांत टायर सहसा संपत नाहीत, तेव्हा विचारा. पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगचं कव्हर मुद्दाम नवं घातलंय का, तेही बघा. सर्व्हिसच्या पावत्यांवर दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात, ते ओळीने जुळवा.

विम्याच्या पॉलिसीवरचा एनसीबीचा टक्काही बोलतो. क्लेम न केलेल्या वर्षांगणिक तो वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. मालक म्हणतो 'पाच वर्षांत ओरखडा नाही' आणि एनसीबी शून्य, तर काहीतरी गडबड आहे. बाय द वे, हा एनसीबी मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही.

२०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आठवतोय? पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहून जाते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आणि कार्पेटखाली कुबट वास असेल तर किंमत विचारूच नका. वायरिंगचे सांधे हळूहळू गंजतात आणि बिघाड काही महिन्यांनी वर येतो.

बघायला जाताना 'गाडी चालू करून ठेवू नका' असं फोनवर सांगा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनचा आवाज आणि सुरुवातीचा धूर तुम्हाला दिसू द्यायचा नसेल कदाचित. आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्याच.

कागदांत एकच ठिकाण सगळ्यांत जास्त नडतं: आरसी ट्रान्सफर. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या हव्यात. आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ पण. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून थकलेली चलानं बघा. मालक 'तुम्ही चालवा, नाव नंतर करू' म्हणाला तर थांबा. विमाही चौदा दिवसांत तुमच्या नावावर करून घ्यायचा असतो; तो जुन्याच नावावर राहिला आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. मालकालाही सांगा, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकाचीच धरली जाते. हे ऐकलं की सही लगेच होते.