गाडी टेस्लाची, मग सीट दुसऱ्याची का नको? एका खुर्चीपायी झालेला खटाटोप

गाडीवर नाव कुणाचंही असो, आपण बसतो ती सीट बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीने बनवलेली असते. लिअर, अ‍ॅडियंट, मॅग्ना, फोर्व्हिया अशा कंपन्यांचा तो मोठा धंदा आहे.

आता सीट म्हणजे नुसता फोम आणि कापड नाही. आत लोखंडी सांगाडा, मागेपुढे सरकायची पट्टी, मोटर, एअरबॅग आणि कुणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर असतो. कव्हर शिवायचं काम आजही बरंचसं हातानेच होतं. गाडीवाल्यांना हा व्याप नको असतो. शिवाय सीट जागा फार खाते. म्हणून पुरवठादार गाडीच्या कारखान्याशेजारीच आपला कारखाना टाकतो आणि लाइनवर ज्या क्रमाने गाड्या येतात, त्याच क्रमाने, त्याच रंगाच्या सीट पाठवतो. गोदामाची भानगडच नाही.

मग टेस्ला या फंदात का पडली?

सप्टेंबर 2015 मध्ये मॉडेल एक्स आली. तिच्या दुसऱ्या रांगेतली प्रत्येक सीट एकाच खांबावर उभी होती. दिसायला झकास, बनवायला महाकठीण. पुरवठादाराला ठरलेलं डिझाइन आणि भरपूर ऑर्डर लागते. नव्या कंपनीकडे दोन्ही नसतं. डिझाइन सारखं बदलतं, आणि प्रत्येक बदलाला नवे साचे, नवा भाव, नवी वाटाघाट. शेवटी टेस्लाने सीटचं काम आपल्याकडे घेतलं आणि कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या कारखान्याजवळ सीट बनू लागल्या.

एप्रिल 2016 मध्ये आणखी एक झटका बसला. मॉडेल एक्सच्या तिसऱ्या रांगेतल्या सीटची पाठ अपघातात पुढे कलंडू शकते, असं चाचणीत दिसलं आणि सुमारे 2,700 गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सदोष भाग बाहेरून आलेला होता, पण नाव टेस्लाचंच खराब झालं.

स्वतः सीट बनवली की बदल पटकन करता येतो. ग्राहकाला तो आवडेलच असं नाही, हा भाग वेगळा. 2021 मध्ये टेस्लाने मॉडेल 3 आणि मॉडेल वायच्या पुढच्या प्रवासी सीटमधून कमरेचा आधार काढून टाकला. कारण काय, तर तो फारसा कुणी वापरत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत सीटला आणखी एक महत्त्व आहे. थंडीत अख्खी केबिन तापवण्यापेक्षा सीट तापवायला वीज कमी लागते, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जास्त पळते. तरीही नव्या कंपनीकडे पैसा मोजकाच असतो, आणि तो आधी बॅटरी आणि सॉफ्टवेअरकडे जातो. त्यामुळे बहुतेक जण आजही सीट बाहेरूनच घेतात.