सेव्हिलचा हिराल्दा मनोरा



उंच मनोऱ्यावर चढावयाचें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम पायऱ्या उभ्या राहतात. दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या पोटांत ३७९ पायऱ्या आहेत. परंतु बहुतेक त्याच काळांत स्पेनच्या दक्षिणेस, सेव्हिल शहरीं, असा एक मनोरा उभा राहिला कीं ज्याच्या कर्त्यांनीं पायऱ्यांना जवळजवळ रजाच दिली. त्याचें नांव हिराल्दा. आज तो तेथील कॅथीड्रलचा, म्हणजे आर्चबिशपाच्या मुख्य ख्रिस्तमंदिराचा, घंटामनोरा आहे. त्याच्या पोटांतून वर जातो तो एक चढता रस्ता. आपल्या घाटांतल्या सडकेसारखा वळणें घेत जाणारा. असे एकंदर ३५ चढ ओलांडले कीं मग शेवटीं तेवढ्या थोड्या पायऱ्या लागतात.

घंटा वाजविणाऱ्या मनोऱ्यांत असा रस्ता कशासाठीं, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर मनोऱ्याच्या जन्मांत आहे. हा मनोरा ख्रिस्तमंदिरासाठीं बांधलेला नव्हताच. बाराव्या शतकांत सेव्हिलवर अल्मोहाद घराण्याचें राज्य होतें. त्या घराण्याचा खलिफा अबू याकूब यूसुफ यानें येथें मोठी मशीद बांधविली आणि ११८४ सालीं तिच्या मिनाराचें काम सुरू करविलें. पाया घातला अहमद इब्न बासो या कारागिरानें. खलिफा त्याच वर्षीं लढाईच्या मोहिमेंत मरण पावला आणि काम थांबलें. कांहीं वर्षांनीं अली अल्-घुमारी या दुसऱ्या कारागिरानें तें हातीं घेतलें व दगडाऐवजीं विटांनीं वर नेलें. ११९८ सालीं शिखरावर सोनेरी गोळे एकावर एक बसविण्यांत आले आणि मिनार पुरा झाला. बांग देणाऱ्याला दिवसांतून पांच वेळां वर जावें लागे. त्याला जनावरावर बसून जातां यावें म्हणून हा चढ केला, असें सांगतात. हेतु कांहींही असो, घोडेस्वार जाऊं शकेल इतका तो रुंद आहे खरा.

आतां याची रचना समजून घेऊं. घरीं मुलांना दाखवावयाचें असेल तर एक उंच चौकोनी पेटी घ्या आणि तिच्या आंत मधोमध दुसरी, तिच्याहून अरुंद पेटी उभी ठेवा. दोहोंच्या मध्यें चहूंकडून एक बोळ राहील. त्या बोळांतून कागदाची पट्टी तिरपी तिरपी चढवीत न्या. प्रत्येक कोपऱ्याशीं ती काटकोनांत वळेल. हिराल्दाची बांधणी नेमकी अशी आहे. बाहेरचा मनोरा तळाशीं सुमारें साडेतेरा मीटर रुंद आहे. आंतल्या गाभ्यांत एकावर एक अशा सात खोल्या आहेत. आणि दोहोंमधील बोळांत कमानदार छतांवर टेकलेला चढ वर वर जातो. बाहेरच्या भिंतीला आणि आंतल्या गाभ्याला या कमानी एकमेकांशीं जखडून ठेवतात.

ही गोष्ट बाहेरूनही ओळखतां येते. चौकांत उभे राहून मनोऱ्याच्या दोन लगतच्या बाजू पाहा. दोहोंवरील खिडक्या एका रांगेंत नाहींत. एका बाजूची खिडकी दुसरीपेक्षां वर किंवा खालीं आहे. हा कारागिराचा अजागळपणा नव्हे. आंतला रस्ता प्रत्येक भिंतीशीं पोंचेपर्यंत थोडा वर आलेला असतो, म्हणून त्याला उजेड देणारी खिडकीही वर सरकते. आंतली वाट बाहेरून वाचतां येईल अशी इमारत क्वचित सांपडते.

पुढें १२४८ सालीं कास्तीलचा राजा तिसरा फर्नांदो यानें सेव्हिल जिंकलें. त्या प्रसंगाची एक जुनी कथा आहे. शहर स्वाधीन करण्यापूर्वी मुसलमानांनीं आपली मशीद आणि मिनार पाडण्याची परवानगी मागितली. पूज्य वस्तु परक्याच्या हातीं पडूं नये, अशी त्यांची इच्छा होती. तेव्हां राजपुत्र आल्फोन्सो यानें बजावलें कीं, मिनाराची एक वीट जरी हलली तरी शहरांत कोणी जिवंत राहणार नाहीं. ही कथा ऐकून कोणी राजपुत्राच्या रसिकतेची तारीफ करतात. मला मात्र दोन्ही पक्षांचा विचार करावासा वाटतो. एकाला आपलें प्रिय तें दुसऱ्याला मिळूं नये म्हणून मोडावयाचें होतें; दुसऱ्याला तें आपलें व्हावें म्हणून तलवारीच्या धाकानें राखावयाचें होतें. मनोरा वांचला, पण तो त्या वेळीं प्रेमानें वांचला असें म्हणवत नाहीं.

मशिदीचें नशीब निराळें ठरलें. दीडशें वर्षांहून अधिक काळ तीच इमारत ख्रिस्तमंदिर म्हणून वापरांत होती. १४०१ सालीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं नवें भव्य मंदिर बांधण्याचें ठरविलें, आणि पंधराव्या शतकांत मशीद उतरवून त्या जागीं आजचें कॅथीड्रल उभें राहिलें. मशिदीचें मोठें अंगण मात्र राहिलें. जेथें नमाजापूर्वीं लोक हातपाय धूत, तेथें आज संत्र्याचीं झाडें आहेत. मनोराही राहिला. मशिदीची प्रार्थनेची जागा नव्या मंदिराला पुरेशी वाटली नाहीं. उंच मनोरा मात्र घंटांना हवाच होता. जुन्या इमारती टिकतात त्यांत आदराइतकाच गरजेचाही वांटा असतो, हें येथें स्पष्ट दिसतें.

दरम्यान १३५६ च्या भूकंपांत शिखरावरचे सोनेरी गोळे कोसळले होते. त्या जागीं पुढें साधीशी घंटेची सोय झाली. अखेर १५५८ ते १५६८ या दहा वर्षांत एर्नान रुइझ, धाकटा, या वास्तुकारानें मिनारावर नवें घंटाघर चढविलें. येथें त्याची कसोटी होती. खालीं अरबी पद्धतीचें, विटांच्या जाळीदार नक्षीचें काम. वर आपल्या काळची, रोमन धर्तीच्या कमानींची आवड. त्यानें खालच्या नक्षीला हात लावला नाहीं आणि वरचें काम मजल्यामजल्यानें निमुळतें होत जाईल असें योजलें. विटेचा रंग व दगडाचा रंग निरनिराळे दिसतात, तरी नजर खालून वर सरळ चढते. कोठें अडखळत नाहीं. १७५५ च्या लिस्बनच्या प्रचंड भूकंपाचा धक्का सेव्हिललाही बसला, पण मनोरा उभा राहिला.

सर्वांत वर ब्राँझची एक स्त्रीमूर्ति आहे. बार्तोलोमे मोरेल यानें ती ओतली आणि १५६८ सालीं ती बसविली गेली. तिच्या हातांतील मोठी ढाल वाऱ्याचा झोत धरते आणि मूर्ति त्या दिशेस वळते. म्हणजे ती शोभेचीही आहे आणि वाऱ्याची दिशा दाखविणारीही. स्पॅनिश भाषेंत फिरणें या अर्थाचा जो धातु आहे, त्यावरून मूर्तीला आणि तिच्यामुळें साऱ्या मनोऱ्याला हें नांव पडलें. मूर्तीसकट मनोऱ्याची उंची सुमारें १०४ मीटर भरते. १९८७ सालीं युनेस्कोनें कॅथीड्रल व शेजारचा अलकाझार राजवाडा यांसह त्याचा जागतिक वारशांत समावेश केला.

कोणा श्रोत्याला तेथें जाण्याचा योग आला तर त्यानें एकदम वर धांव घेऊं नये. प्रथम मनोऱ्याच्या पायथ्याशीं थांबावें. पायाच्या कांहीं दगडांवर लॅटिन अक्षरें कोरलेलीं दिसतील. अल्मोहाद कारागिरांनीं जुन्या रोमन इमारतींचे दगड आणून येथें बसविले, त्याची ती खूण. मग आंत शिरावें. प्रत्येक वळणावर चढाचा क्रमांक लिहिलेला आहे. दम लागला तर खिडकीशीं उभें राहावें, कारण दर खिडकींतून कॅथीड्रलच्या छताचा आणि शहराचा नवा भाग दिसतो. घंटाघरांत पोंचल्यावर खालीं संत्र्याचें अंगण, पलीकडे अलकाझार आणि दूर ग्वादलकिवीर नदी दृष्टीस पडते. घंटा अगदीं डोक्यावर असतात; ठोक्याची वेळ झाली असेल तर कानांवर हात ठेवण्याची तयारी असावी.

उतरतांना मात्र एक हिशेब मनाशीं करावा. पायांत रोमन दगड, त्यावर अरबी विटा, त्यावर स्पॅनिश घंटाघर. यांपैकीं कोणीही दुसऱ्यासाठीं बांधलें नव्हतें. उलट बहुतेकांनीं आधीच्या धन्याला हुसकावूनच ही जागा घेतली. तरीही ज्यानें वर बांधलें, त्यानें खालचें मोडून आपला मनोरा उंच केला नाहीं. त्या एका संयमामुळें चारही बाजूंचा चढ आजही पायाखालीं शाबूत आहे. ज्यांचे धनी बदलले अशा इमारती आपल्या देशांतही थोड्या नाहींत. त्यांच्याकडे पाहतांना, ही कोणाची, या प्रश्नाबरोबरच हिच्यांत कोणाकोणाचे हात आहेत, हाही प्रश्न आपण आपल्या मुलांना विचारावयास शिकवूं या.